पंपातले स्टेरॉइड, गोळीतले स्टेरॉइड आणि पुडीतले स्टेरॉइड

नागपूरच्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असून कोजागिरीपासून होळीपर्यंत तिला रात्रीचा कोरडा खोकला येतो आणि पळाले की धाप लागते. डॉक्टरांनी दम्यासाठी ब्यूडेसोनाइडचा पंप सहा महिने देण्यास सांगितले होते; परंतु त्यात स्टेरॉइड आहे, मुलीची उंची खुंटेल, पंपाची सवय लागेल, असे घरच्यांचे मत पडल्यामुळे तो महिनाभरातच बंद झाला. त्यानंतर एकाच हिवाळ्यात तीन वेळा तिला तीव्र दम लागून स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स द्यावा लागला. याच घरातील सासूबाई, वय ६४, दोन वर्षांपूर्वी लिहून मिळालेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज सकाळी स्वतःहून घेत आहेत, कारण त्या घेतल्या की दम लागत नाही आणि गुडघेही दुखत नाहीत. पतीला दर ऑक्टोबरात शिंका सुरू होतात आणि त्यासाठी ते ‘एक इंजेक्शन’ घेऊन येतात. ‘स्टेरॉइड वाईट आहे की नाही, ते एकदा स्पष्ट सांगा,’ असे त्यांनी शेवटी म्हटले आहे.

आधी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या उद्यावर टाकण्यासारख्या नाहीत. मुलीचा पंप तिच्या डॉक्टरांना भेटून पुन्हा सुरू करावा. आणि सासूबाईंच्या गोळ्या हे उत्तर वाचून घाबरून एकदम बंद करू नयेत. पंपाची भीती बाळगणाऱ्या आणि गोळी निर्धास्तपणे घेणाऱ्या या घरात औषधाचे भय नेमके उलट्या जागी बसले आहे. छातीच्या विकारांच्या माझ्या तीस वर्षांच्या कामात अशी घरे मी शेकड्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही.

स्टेरॉइड हा शब्द बदनाम होण्यामागे थोडा शब्दांचाही घोळ आहे. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइडे पुरुषी संप्रेरकाच्या जातीची असतात. त्यांचा आणि दम्याच्या औषधाचा रासायनिक सांगाड्यापलीकडे संबंध नाही. आपण ज्याविषयी बोलत आहोत ती कॉर्टिकोस्टेरॉइडे आहेत, म्हणजे मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जे कॉर्टिसॉल रोज तयार करतात त्याची भावंडे. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण १० ते १५ मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते, पहाटे सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी. प्रेडनिसोलोन त्याच्या सुमारे चौपट तीव्र आहे, म्हणून शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या भाषेत ३ ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे सासूबाईंच्या हिशेबात तो लागणार आहे.

१९४८ साली अमेरिकेत फिलिप हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. हेन्च, केंडल आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले, इतक्या वेगाने हे औषध जगभर गाजले. पुढच्या काही वर्षांतच सुजलेले गोल चेहरे, ठिसूळ हाडे आणि वाढलेली साखर दिसू लागली आणि हे औषध जितके देते तितके वसूलही करते हे डॉक्टरांना उमगले. त्यानंतरचा बराचसा प्रयत्न औषध जिथे हवे तिथेच पोचवण्याचा आणि उरलेले शरीर त्यापासून वाचवण्याचा आहे. बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा श्वासावाटे घेण्याचा पंप १९७२ च्या सुमारास आला तो याच विचारातून. लोक ज्या पंपाला घाबरतात तो मुळात गोळीच्या दुष्परिणामांवरचा तोडगा म्हणून जन्माला आला आहे.

आता मुलीकडे वळू. दमा म्हणजे अधूनमधून येणारा झटका, अशी आपली समजूत असते. वास्तविक दोन झटक्यांच्या मधल्या काळातही श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, ते अस्तर हुळहुळे झालेले असते, आणि मग थंड हवा, फोडणीचा ठसका, फटाक्यांचा धूर किंवा साधी सर्दी एवढे निमित्त पुरते. निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, ज्याला बहुतेक जण अस्थालिन याच नावाने ओळखतात, तो नलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सूज जशीच्या तशी ठेवतो. सूज उतरवण्याचे काम स्टेरॉइडचे. ते पेशीच्या आत जाऊन केंद्रकापर्यंत पोचते आणि सूज निर्माण करणाऱ्या प्रथिनांची आज्ञाच थांबवते. या कामाला तास लागतात, आणि पंपाच्या लहान मात्रेने अस्तर खऱ्या अर्थाने शांत व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरकच नाही’ म्हणून पंप सोडणारे आणि महिन्याने ‘आता बरी आहे’ म्हणून सोडणारे, दोघेही नेमक्या चुकीच्या वेळी सोडतात. महिन्याने बरी वाटली याचा अर्थ औषध लागू पडले एवढाच होता.

नुसत्या निळ्या पंपावर भागवणे किती धोक्याचे आहे हे वैद्यकशास्त्रालाही उशिरा पटले. ‘जिना’ या दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमूहाने २०१९ साली किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांसाठी एकट्या सालब्युटामॉलचा उपचार नको, त्याच्या जोडीला श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड हवेच, अशी भूमिका घेतली. दोनशे फवाऱ्यांचे तीन निळे पंप वर्षभरात संपत असतील तर गंभीर झटक्याचा धोका वाढलेला असतो; महिन्याला एक संपत असेल तर मृत्यूचाही. तरीही घरोघरी निळा पंप ‘साधा’ आणि दुसरा ‘स्टेरॉइडवाला’ मानला जातो.

उंचीची चिंता खोटी नाही, म्हणून ती उडवून लावणार नाही. अमेरिका व कॅनडातील शाळकरी मुलांना चार ते सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्यूडेसोनाइड देऊन, ती मोठी झाल्यावर त्यांची उंची मोजली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषध न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक आढळला. हा फरक प्रामुख्याने पहिल्या दोन वर्षांत पडला आणि पुढे वाढत गेला नाही. तुमच्या मुलीच्या वयाला दम्याचा आवर बहुतेक वेळा दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅममध्ये बसतो, म्हणजे त्या अभ्यासातील मात्रेच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत. दुसऱ्या बाजूला हेही ध्यानात घ्यावे की आवरात नसलेला दमा, रात्रीची मोडलेली झोप आणि बुडालेला खेळ यांनीही वाढ मंदावते.

आता हिशेब मांडतो. रोज २०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, वर्षभर एकही दिवस न चुकता घेतले तरी एकूण ७३ मिलिग्रॅम. तुमच्या मुलीचे वजन २५ किलो धरले, तर झटक्याच्या वेळी किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन याप्रमाणे दिवसाला २५ मिलिग्रॅम, पाच दिवसांचे १२५ आणि तीन कोर्सचे ३७५ मिलिग्रॅम. ब्यूडेसोनाइड तोलाला तोल प्रेडनिसोलोनपेक्षा पुष्कळ तीव्र आहे, त्यामुळे हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु पंपातले जे औषध घशात राहून गिळले जाते त्यातले सुमारे नव्वद टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते, आणि गोळीतले जवळपास सगळे रक्तातून हाडे, डोळे, त्वचा, मेंदू असे फिरून मग कुठे श्वासनलिकेला पोचते. स्टेरॉइड नको म्हणून पंप बंद केला आणि मुलीच्या रक्तात त्याच वर्षी कितीतरी जास्त स्टेरॉइड गेले, असा हा व्यवहार झाला आहे.

याचा अर्थ ते तीन कोर्स चूक होते असा मात्र घेऊ नये. तीव्र झटक्यात गोळी किंवा पातळ औषधाच्या रूपातले स्टेरॉइड वेळेवर देणे हे जीव वाचवणारे काम आहे. मुलांना ते साधारण तीन ते पाच दिवस आणि मोठ्यांना ४० ते ५० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच ते सात दिवस दिले जाते. दोन आठवड्यांच्या आतला कोर्स असेल तर बहुतेकांना मात्रा उतरवत नेण्याची गरज नसते. त्या दिवसांत भूक वाढते, मूल चिडचिडे होते, झोप उडते, म्हणून औषध सकाळी, खाल्ल्यावर द्यावे. प्रश्न असतो तो कोर्सच्या संख्येचा. ४० मिलिग्रॅमचे पाच दिवस म्हणजे २०० मिलिग्रॅम. असे पाच कोर्स झाले की १ ग्रॅम होतो, आणि आयुष्यभरात मिळून एवढी मात्रा पोटात गेली तरी पुढे हाडे, साखर आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढल्याचे दिसून आले आहे. वर्षात दुसऱ्यांदा कोर्स लागला तर ‘औषध लागू पडले’ म्हणून समाधान मानू नये; रोजचा उपचार कुठे गळतो आहे ते शोधण्याची ती वेळ असते.

विदर्भातल्या पालकांसाठी आणखी एक सूचना, जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना इतक्या वेळा द्यावी लागत नसेल. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला तोंडावाटे किंवा शिरेतून स्टेरॉइड दिल्यावर, विशेषतः ते थांबवल्यावर, वेदनेचा तीव्र झटका येण्याचा धोका असतो, शिवाय खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडण्याचा धोका सिकलसेल आणि स्टेरॉइड या दोन्ही कारणांनी वाढतो. म्हणून तपासणी झालेली असेल तर तिचे कार्ड दम्याच्या डॉक्टरांनाही दाखवावे. कोर्स नाकारावा असे नाही, तो विचारपूर्वक आणि लक्ष ठेवून दिला जावा यासाठी. पंपाला ही अडचण नाही.

पंप घेण्याच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘पंपाने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिकांच्या बाबतीत औषध फुप्फुसात पोचतच नाही, असा माझा अनुभव आहे. तोंडात थेट फवारा मारला तर बहुतांश औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटते. स्पेसर, म्हणजे मध्ये बसवायची ती प्लास्टिकची नळकांडी, लावली की फवाऱ्याचा वेग मोडतो आणि बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. पंप हलवावा, एक फवारा मारावा, संथपणे खोल श्वास घ्यावा, दहा अंक मोजेपर्यंत रोखावा. दुसरा फवारा लागणार असेल तर हे सारे पुन्हा करावे, दोन फवारे एकदम मारू नयेत. नऊ वर्षांची मुलगी हे दोन बैठकांत शिकते. नंतर चूळ भरून थुंकावी, गिळू नये. मी दात घासण्यापूर्वी पंप घ्यायला सांगतो, म्हणजे चूळ आपोआप होते. हे न केल्यास जिभेवर पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो. पंपाच्या नेहमीच्या मात्रेचे रोजच्या जगण्यात जाणवणारे दुष्परिणाम बहुधा एवढेच असतात.

नागपूरच्या हवेमुळे काही जादा पथ्ये लागतात. फवाऱ्याचा पंप ३० अंशांच्या खाली ठेवायचा असतो. मे महिन्यात, त्यातही नवतपाच्या कडक दिवसांत, बाहेर ४५ अंशांच्या वर पारा असताना बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत तो ठेवणे म्हणजे औषध वाया घालवणे आहे. पावसाळ्यात अडचण उलटी होते, यंत्रातून श्वासावाटे घ्यायच्या कोरड्या भुकटीच्या कॅप्सूल दमट हवेने मऊ पडून भुकटीचे गोळे होतात, म्हणून कॅप्सूल वापरायच्या क्षणीच पाकिटातून काढावी. या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि चूक त्यांची नव्हती, कारण यंत्र कसे वापरायचे हे त्यांना कोणी दाखवलेलेच नव्हते. आणि कुलर! गेल्या वर्षीच्या वुडवूलच्या ताट्या तशाच ठेवून मार्चअखेर कुलर सुरू केला की पहिल्या दोन दिवसांत घरभर बुरशीचे बीजाणू उडतात; ताट्या बदलून, टाकी घासून मगच तो लावावा. तुमच्या मुलीचा त्रास हिवाळी असला तरी हे करावे, कारण अस्तर एकदा हुळहुळे असले की ते ऋतू पाहत नाही.

वाफेविषयी एक वाक्य. दर सर्दीला यंत्र लावून स्टेरॉइडची ‘वाफ’ देण्याची जी प्रथा पडली आहे ती मला मान्य नाही. बहुतेक झटक्यांत स्पेसरसह पंप तेच काम करतो, आणि साध्या सर्दीला दोन्हींची गरज नसते.

पंपाच्या सवयीची शंका उरली. सवय लागणे म्हणजे शरीराने अधिकाधिक मात्रा मागणे. येथे उलट होते, दमा तीन महिने आवरात राहिला की डॉक्टर मात्रा खाली आणतात आणि पुष्कळ मुलांना वयात येताना पंपाची गरजही उरत नाही. बाळदमा असलेल्या सगळ्यांचा दमा जातो असे मात्र मी म्हणणार नाही. पंप चालू असताना एक काळजी फार कमी लोक घेतात: गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या, तर ब्यूडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन यकृतात निकामी होणे मंदावते आणि पंपातले स्टेरॉइडही गोळीसारखे अंगात साचू शकते. सध्या गजकर्ण इतके बोकाळले आहे, आणि ते बोकाळण्यामागे दुकानातून आणलेली स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे हे एक मोठे कारण आहे, की हा प्रसंग मुळीच दुर्मीळ राहिलेला नाही. त्वचेच्या डॉक्टरांना पंपाचे नाव सांगावे.

सासूबाईंची गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. रोज १० मिलिग्रॅम म्हणजे शरीराच्या स्वतःच्या गरजेच्या दुप्पट ते तिप्पट. दोन वर्षांत ७.३ ग्रॅम झाले. वर सांगितलेला १ ग्रॅमचा टप्पा त्यांनी पहिल्या शंभर दिवसांतच ओलांडला होता. गुडघे दुखत नाहीत, भूक छान लागते, उत्साह वाटतो, हे सगळे खरे असते आणि म्हणूनच माणूस औषधांच्या दुकानात जाऊन जुनी चिठ्ठी पुन्हा पुढे करतो. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, व्यवहार आपण सर्व जाणतो.

बाहेरून रोज पुरेसे मिळू लागले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी अधिवृक्काला काम सांगणे थांबवते आणि अधिवृक्क हळूहळू आक्रसते. तीन आठवड्यांहून अधिक काळ अशी मात्रा घेतलेल्या कोणाच्याही बाबतीत ती झोपलेली आहे असेच धरून चालावे. मग गोळ्या एकदम थांबवल्या, किंवा गावी जाताना चार दिवस विसरल्या, तर थकवा, उलट्या, पोटदुखी, रक्तदाब कोसळणे, शुद्ध हरपणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. गोळ्या चालू असतानाही ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली तर निरोगी शरीर जसे कॉर्टिसॉल वाढवते तसे यांचे शरीर वाढवू शकत नाही. त्या दिवसांत डॉक्टर मात्रा तात्पुरती वाढवून देतात, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागते. त्यांच्या पाकिटात ‘दीर्घकाळ प्रेडनिसोलोन चालू आहे’ अशी चिठ्ठी, औषधाची मात्रा लिहून, आजपासूनच ठेवावी.

त्यांना घेऊन फिजिशियनकडे जाल तेव्हा काय काय पाहायचे ते सांगतो. साखर पाहताना केवळ उपाशीपोटीची पाहू नये. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी, त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा नीट येऊन सगळे फसतात. दुपारच्या जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही पाहाव्यात. हाडांची घनता मोजून घ्यावी, कारण स्टेरॉइडने होणारी झीज पहिल्या सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते आणि मणका दबला तरी पुष्कळदा ‘पाठ भरली’ एवढेच वाटते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असल्यास हाडे टिकवणारे औषध लागेल. डोळ्यांत मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही पाहावेत. छातीचा एक्स-रे काढावा, कारण दबून राहिलेला क्षय स्टेरॉइडखाली डोके वर काढतो आणि ताप-खोकला मात्र स्टेरॉइडच झाकून ठेवते. सासूबाई गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्याही घेत असतील तर ते आधी सांगावे. दोन्ही मिळून जठरात व्रण आणि रक्तस्राव होण्याची शक्यता बरीच वाढते.

आणि मुळात त्यांना दमाच आहे का, हे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, करून पाहावे. ज्यांची उमेदीची वर्षे गावी चुलीपुढे गेली, त्यांना धुराने होणारा दीर्घकालीन अडथळ्याचा फुप्फुसविकार असू शकतो, ज्याला सीओपीडी म्हणतात. तेथे रोजची स्टेरॉइडची गोळी उपयोगाची नाहीच. पंपातले स्टेरॉइडसुद्धा निवडक रुग्णांनाच, म्हणजे वारंवार बळावणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल पेशी जास्त असलेल्यांना देतात, कारण त्या आजारात ते न्यूमोनियाचा धोका वाढवते. दमाच निघाला तर योग्य मात्रेचा पंप सुरू करून, तो अंगी लागल्यावर, गोळी अगदी सावकाश उतरवली जाईल. १० वरून ५ मिलिग्रॅमपर्यंतचा प्रवास त्या मानाने सोपा असतो. खरा संयम ५ च्या खाली लागतो, तेव्हा सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसॉल मोजून ग्रंथी जागी होते आहे का ते पाहतात आणि यात महिनोन्महिने जाऊ शकतात. उतरवताना सांधे दुखतील, मरगळ येईल, आणि ‘त्या गोळ्याच बऱ्या होत्या’ असे त्या म्हणतील. त्या वेळी घरच्यांनी त्यांच्या बाजूने उभे राहावे आणि डॉक्टरांना कळवावे, पण परस्पर मात्रा वाढवू नये.

येथेच पुड्यांविषयी लिहितो. ‘जडीबुटीची’ म्हणून दम्यावर मिळणारी, नाव-घटक काहीच न छापलेली भुकटी दोन दिवसांत चमत्कार दाखवत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका पहिल्यांदा घ्यावी. अशा भेसळीची उदाहरणे वारंवार आढळली आहेत. गोल झालेला चेहरा, मानेमागे चढलेली चरबी, हात-पाय बारीक आणि पोट मोठे, कातडीवर सहज उठणारे काळे-निळे डाग घेऊन एखादा रुग्ण येतो आणि ‘मी कधीच स्टेरॉइड घेतले नाही’ असे शपथेवर सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला जाऊन जिवंत मासोळी गिळून येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, एवढेच सांगतो की पंप सोबत न्या आणि चालू ठेवा. पुडीबाबत मात्र मी तडजोड करत नाही. पण तीही एकदम थांबवायची नसते, अगदी वर सांगितलेल्याच कारणासाठी.

स्टेरॉइड वाईट आहे का, याचे उत्तर कोविडच्या काळात अख्ख्या देशाने पाहिले आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, आणि ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या लाटेत, घरी बसलेल्या सौम्य रुग्णांनीही ते आधीपासून, जास्त मात्रेत घेतले, मधुमेह बेकाबू झाला आणि काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे व जबडे गेले ते नागपुरातही आपण पाहिले. वर्षभराच्या आत, एकाच औषधाने, दोन्ही केले.

पतीच्या शिंकांविषयी. ऑक्टोबरात पावसाने माजलेले गाजरगवत फुलोऱ्यावर असते, सोयाबीनची काढणी आणि मळणी चालू असते, घरोघरी दिवाळीची झाडलोट निघते. नाक त्यालाच उत्तर देत असते. दरवर्षीचे ते ‘एक इंजेक्शन’ बहुधा तीन-चार आठवडे अंगात मुरणारे स्टेरॉइड असते. ते दिल्यावर परत काढून घेता येत नाही, साखर चढली तरी नाही, आणि टोचल्या जागी कातडी खचून खळगा पडतो तो वेगळाच. हंगामी शिंकांसाठी त्याची शिफारस केली जात नाही. एक वेगळा प्रसंग नीट समजून घ्यावा: मधमाशी चावून किंवा एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठून श्वास अडकला, चक्कर आली, तर तेथे पहिले औषध स्टेरॉइड नव्हे, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ताबडतोब दिलेले ॲड्रेनलिन हे आहे; स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात आणि त्या माणसाजवळ मिनिटे असतात. अशा वेळी गोळी शोधत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

शिंकांसाठी नाकात मारायचा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा फवारा पुरतो, ज्यातले रक्तात जाणारे प्रमाण नगण्य असते. तो चोंदलेले नाक झटक्यात मोकळे करणाऱ्या थेंबांसारखा नाही. ते थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक त्यांच्यावाचून उघडेनासे होते, आणि पंपावर ठेवला जाणारा सवयीचा आरोप खरे तर त्यांच्यावर ठेवायला हवा. फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून पोळा-मारबत आटोपली आणि नवरात्र जवळ येऊ लागले की, त्रास सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी तो सुरू करावा आणि हंगाम संपेपर्यंत रोज घ्यावा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा, म्हणजे टोक आपोआप मधल्या पडद्याकडून कानाच्या दिशेला वळते. मान किंचित खाली, आणि मारल्यावर जोराने ओढायचे नाही, नाहीतर औषध सरळ घशात उतरते. रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला तर दोन दिवस थांबून, दिशा तपासून पुन्हा सुरू करावा. पुन्हा पुन्हा दिसू लागला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आतला पडदा पाहून घ्यावा.